खाल्लेल्या अन्नाचे शरीरात काय होते? चयापचय आणि रोजच्या सवयी

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला सांक्तोरिओ सांक्तोरिओ नावाच्या इटालियन वैद्याने एक मोठा तराजू बनवून घेतला आणि त्याला आपली खुर्ची टांगली. या खुर्चीवर बसून तो जेवत असे आणि जेवणापूर्वीचे, जेवणानंतरचे वजन नोंदवून ठेवत असे. खाल्लेले अन्न, प्यायलेले पेय आणि शरीराबाहेर पडलेले मलमूत्र या सर्वांचे मोजमाप त्याने वर्षानुवर्षे चिकाटीने केले आणि १६१४ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. जेवढे आत जाते त्याच्या मानाने बरेच कमी मलमूत्रावाटे बाहेर पडते, तरीही वजन जवळपास तेवढेच राहते, हे त्याच्या लक्षात आले होते. उरलेला भाग त्वचेवाटे आणि श्वासावाटे नकळत निघून जात असावा, असा तर्क त्याने केला.

हा तर्क योग्य दिशेचा होता, पण त्यामागची रासायनिक क्रिया समजायला आणखी पावणेदोनशे वर्षे जावी लागली. १७८० च्या दशकात आंत्वान लाव्हाझिए आणि प्येर-सिमों लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी बर्फाने वेढलेल्या पात्रात गिनीपिग ठेवून त्याच्या शरीरातील उष्णतेने किती बर्फ वितळतो ते मोजले आणि श्वसन म्हणजे एक प्रकारचे संथ ज्वलनच आहे, असे दाखवून दिले. आज आपल्याला हे हिशेबाने सांगता येते. एखाद्या व्यक्तीच्या शरीरातील १० किलो चरबी पूर्णपणे वापरली गेली, तर त्यातील सुमारे ८.४ किलो कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने फुफ्फुसांवाटे बाहेर पडते आणि उरलेल्या १.६ किलोचे पाणी होते. चरबी घामावाटे वितळून जाते, हा समज या हिशेबात टिकत नाही.

अन्नाचे रेणू फोडून त्यांतून ऊर्जा मिळवणे, त्या ऊर्जेवर शरीराची कामे चालवणे, नवीन पेशी आणि ऊती उभ्या करणे आणि जे शिल्लक राहील ते साठवून ठेवणे, या सर्व रासायनिक क्रियांना मिळून चयापचय म्हणतात. बोलण्यात मात्र या शब्दाला एकच अर्थ उरला आहे, तो म्हणजे शरीर कॅलरी किती वेगाने जाळते. जाहिराती आणि आहाराचे सल्ले हा वेग वाढवण्याची आश्वासने देतात. या लेखात मला जे मांडायचे आहे ते थोडे वेगळे आहे. खाण्यापिण्याच्या सवयींनी हा वेग फार थोडा बदलतो. पण खाल्लेल्या अन्नाचे शरीर पुढे काय करते, ते कोठे साठवते, रक्तातील साखर किती चढते आणि पुन्हा भूक कधी लागते, हे सवयींनी बरेच बदलते. लक्ष देण्याजोगा भाग हा दुसरा आहे.

ऊर्जा खर्च कोठे होते

बैठे काम करणाऱ्या माणसाच्या दिवसभराच्या ऊर्जेपैकी साधारण ६० ते ७० टक्के ऊर्जा तो काहीही करत नसतानासुद्धा खर्च होते. हृदयाचे ठोके, श्वासोच्छ्वास, शरीराचे तापमान राखणे, पेशींच्या आत-बाहेर क्षारांचे प्रमाण सांभाळणे, ही कामे झोपेतही थांबत नाहीत. या खर्चाला मूलभूत चयापचय दर म्हणतात. सुमारे १० टक्के ऊर्जा अन्न पचवून सामावून घेण्यातच जाते आणि उरलेली हालचालीसाठी लागते. येथे कॅलरी म्हणजे शास्त्रीय भाषेतील किलोकॅलरी हे गृहीत धरावे.

मूलभूत खर्च करणारे अवयव कोणते, हे पाहणे उद्बोधक आहे. मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असते, पण विश्रांतीच्या काळातील ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो. यकृत, हृदय आणि मूत्रपिंडे हीसुद्धा अशीच खर्चिक आहेत. स्नायूंविषयी मात्र बराच अतिरेकी प्रचार झालेला आहे. विश्रांत अवस्थेतील एक किलो स्नायू दिवसाला सुमारे १३ कॅलरी वापरतो आणि एक किलो चरबी सुमारे साडेचार. म्हणजे कष्टाने दोन किलो स्नायू कमावले, तरी नुसते बसून होणारा खर्च दिवसाला पंचवीस-सव्वीस कॅलरींनीच वाढतो. स्नायू मोलाचे आहेत, पण त्याचे कारण वेगळे आहे आणि ते पुढे येईल.

हालचालीच्या खात्यात माणसामाणसांत प्रचंड फरक आढळतो आणि तो केवळ व्यायामामुळे नसतो. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात १६ स्वयंसेवकांना आठ आठवडे गरजेपेक्षा रोज १,००० कॅलरी जास्त खाऊ घातल्या गेल्या. सर्वांचे जास्तीचे खाणे सारखेच होते, तरी कोणाच्या शरीरात अर्ध्या किलोपेक्षाही कमी चरबी वाढली, तर कोणाच्या चार किलोंहून अधिक. ज्यांची चरबी कमी वाढली त्यांची व्यायामाव्यतिरिक्तची हालचाल, म्हणजे उठणे-बसणे, उभे राहणे, चुळबुळ करणे, आपोआप वाढली होती. ‘कितीही खाल्ले तरी अंगाला लागत नाही’ असे ज्यांच्याविषयी म्हटले जाते, त्यांच्यापैकी अनेकांचे रहस्य त्यांच्या यकृतात किंवा ग्रंथींत नसून स्वस्थ न बसण्यात असण्याची शक्यता मोठी आहे.

पचवण्याचा खर्च

अन्न पचवायलाही ऊर्जा लागते आणि ती सर्व अन्नघटकांसाठी सारखी नसते. प्रथिनांतून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी २० ते ३० टक्के ऊर्जा त्यांच्या पचनात आणि पुढील प्रक्रियेत खर्च होते, कर्बोदकांच्या बाबतीत हे प्रमाण ५ ते १० टक्के असते आणि स्निग्ध पदार्थांच्या बाबतीत फार तर तीन टक्के. प्रथिनांचे रेणू फोडून अमिनो आम्ले मोकळी करणे, त्यांतील नायट्रोजन वेगळा करून त्याचे युरियात रूपांतर करणे आणि नवी प्रथिने बांधणे ही कामे खर्चिक असल्यामुळे असे होते.

याच आधारावर प्रथिने चयापचय वाढवतात, असे म्हटले जाते. ते खरे आहे, पण किती, हे आकड्यांत पाहावे. दिवसाला २,००० कॅलरी खाणाऱ्या माणसाने प्रथिनांचा वाटा १५ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर नेला आणि तेवढी कर्बोदके कमी केली, तर ३०० कॅलरींचा स्रोत बदलतो आणि पचनाचा खर्च दिवसाला सुमारे पन्नास कॅलरींनी वाढतो. आहारात एवढा मोठा बदल करून मिळणारा हा लाभ क्षुल्लक नसला, तरी चमत्कारिकही नाही. प्रथिनांचा मोठा उपयोग दुसरीकडे आहे. त्यांनी पोट भरल्याची जाणीव अधिक होते आणि वजन घटत असताना स्नायू टिकवण्यास मदत होते.

दिवसातून दोनदा पोटभर खाण्याऐवजी सहा वेळा थोडे थोडे खाल्ल्याने चयापचय ‘चालू राहतो’, या समजुतीचा निकालही येथेच लागतो. पचनाचा खर्च खाल्लेल्या एकूण अन्नाच्या प्रमाणात होतो. तेच अन्न दोन वेळात खाल्ले काय किंवा सहा वेळात विभागले काय, बेरीज जवळपास तीच येते. काहींना वारंवार थोडे खाणे सोयीचे वाटते, काहींच्या बाबतीत त्यामुळे एकूण खाणेच वाढते. ज्याने त्याने स्वतःचे पाहून ठरवावे, एवढेच यात म्हणता येईल.

जेवणानंतरचे काही तास

एका प्रौढ माणसाच्या संपूर्ण रक्तात कोणत्याही क्षणी साधारण पाच ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमचाभर ग्लुकोज असते. एका सामान्य जेवणातून ७५ ग्रॅम कर्बोदके सहज पोटात जातात. म्हणजे रक्तात असलेल्या साखरेच्या पंधरापट साखर दोन-तीन तासांत रक्तात उतरते आणि तरीही निरोगी माणसाच्या रक्तातील साखर ठरावीक मर्यादेतच राहते. शरीराच्या या कामगिरीकडे आपण पुरेशा कौतुकाने पाहत नाही, असे मला वाटते.

हे काम मुख्यतः इन्सुलिन करते. रक्तातील साखर वाढू लागली की स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन सोडतात. इन्सुलिन स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींना ग्लुकोज आत घेण्याचा संदेश देते, यकृताला स्वतःचे ग्लुकोज रक्तात सोडणे थांबवायला सांगते आणि साठवलेली चरबी मोकळी होण्याला तात्पुरता आळा घालते. आत आलेल्या ग्लुकोजपैकी काही लगेच वापरले जाते आणि काही ग्लायकोजेनच्या रूपाने साठवले जाते. हा साठा यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम मावतो. खाणे कायम गरजेपेक्षा अधिक राहिले, तर शिल्लक ऊर्जेचा साठा शेवटी चरबीच्या रूपात होतो, आणि चरबी साठवण्याला शरीरात तशी मर्यादा जवळपास नाहीच.

अलीकडे इन्सुलिनला खलनायक ठरवण्याची पद्धत पडली आहे. १९२२ मध्ये टोरांटो येथे पहिल्या मधुमेही रुग्णाला इन्सुलिन दिले जाण्यापूर्वी पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळपास तयारच न होणाऱ्या मधुमेहाचे रुग्ण, त्यांत बहुधा मुले, पुरेसे खाऊनही खंगत जाऊन दगावत, एवढे आठवले तरी या पद्धतीतील फोलपणा कळतो. खरी अडचण निर्माण होते ती पेशी इन्सुलिनच्या संदेशाला दाद देईनाशा झाल्यावर. यकृतात आणि स्नायूंत चरबी साचू लागली, हालचाल घटली, झोप कमी पडली की तेच काम करून घेण्यासाठी स्वादुपिंडाला अधिकाधिक इन्सुलिन सोडावे लागते. ही अवस्था बरीच वर्षे काहीही त्रास न जाणवता चालू राहू शकते आणि स्वादुपिंड थकल्यावर रक्तातील साखर वाढलेली दिसू लागते.

येथे सवयींचा प्रभाव ठळकपणे दिसतो. तीच कर्बोदके तंतुमय पदार्थांसह आणि अखंड धान्याच्या रूपात खाल्ली, तर साखर हळूहळू रक्तात उतरते. पीठ बारीक दळून, चाळून, शिजवून खाल्ली तर भराभर. जेवणाच्या सुरुवातीला भाज्या आणि प्रथिनयुक्त पदार्थ खाऊन कर्बोदके शेवटी घेतली, तर त्याच ताटातील त्याच पदार्थांनी साखर कमी चढते, असे प्रयोगांत दिसून आले आहे, कारण जठर सावकाश रिकामे होते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालणे हा उपाय तर त्याहूनही सोपा आहे. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातील ग्लुकोज आत ओढून घेऊ शकतो, म्हणूनच ज्यांच्या पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत, त्यांनाही या चालण्याचा लाभ होतो. स्नायू मोलाचे आहेत ते या कारणासाठी. विश्रांत अवस्थेत ते फार कॅलरी जाळत नसले, तरी जेवणातील साखर सामावून घेणारे शरीरातील सर्वांत मोठे ठिकाण तेच आहे.

तंतुमय पदार्थांतील बराचसा भाग आपण स्वतः पचवू शकत नाही. तो मोठ्या आतड्यात पोहोचतो, तेथील जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून लहान साखळीची मेदाम्ले तयार होतात. आतड्याच्या अस्तरातील पेशींचे ती मुख्य इंधन आहेत, आणि तृप्तीचे संदेश देणारी काही संप्रेरके स्रवण्यासही त्यांची मदत होते.

पेयांचा हिशेब

पेयांच्या बाबतीत लोकांचा अंदाज सर्वांत जास्त चुकतो, म्हणून येथे थोडे रेंगाळणे योग्य ठरेल.

थंड पाणी प्यायल्याने कॅलरी जळतात, असे सांगितले जाते. पाच अंश सेल्सियस तापमानाचे अर्धा लिटर पाणी शरीराच्या ३७ अंशांपर्यंत आणण्यासाठी १६ कॅलरी लागतात. हा भौतिकशास्त्राचा साधा हिशेब आहे आणि यातही शरीराला बऱ्याचदा वेगळी उष्णता निर्माण करावी लागत नाही, असलेलीच उष्णता वापरली जाते. २००३ मध्ये एका अभ्यासात अर्धा लिटर पाणी पिण्याने चयापचय दर ३० टक्क्यांनी वाढल्याचे आढळले आणि ती बातमी जगभर पसरली. नंतरच्या प्रयोगांत मात्र एवढा परिणाम दिसला नाही, आणि ती बातमी अर्थातच तेवढी पसरली नाही. पाण्याचा खरा फायदा असा की, साखर घातलेल्या पेयाची जागा ते घेऊ शकते.

कॉफी आणि चहातील कॅफीन चयापचय दर खरोखर वाढवते. १०० मिलिग्रॅम कॅफीन, म्हणजे साधारण एक कप कॉफी घेतल्यावर सुमारे अडीच तास विश्रांतीचा दर तीन ते चार टक्क्यांनी वाढल्याचे मोजले गेले आहे. दिवसाला १,५०० कॅलरी मूलभूत खर्च असणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही वाढ भरते पाच-सहा कॅलरी. त्या कपात घातलेल्या एका चमचा साखरेत मात्र सोळा कॅलरी असतात. शिवाय कॅफीनची रक्तातील पातळी निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी उशिरा घेतलेला कप रात्रीची झोप बिघडवू शकतो आणि अपुऱ्या झोपेचा चयापचयावरील परिणाम कॅफीनच्या लाभाहून कितीतरी मोठा असतो. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ११ निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले गेले, तेव्हा तेवढ्यावरही त्यांच्या शरीराची ग्लुकोज हाताळण्याची क्षमता लक्षणीय घटली.

साखरयुक्त पेयांची गोष्ट अधिक गंभीर आहे. ३३० मिलिलिटरच्या गोड सोड्याच्या डब्यात साधारण ३५ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मुक्त शर्करा, म्हणजे पदार्थांत वरून घातलेली साखर आणि मध, पाक, रस यांतील शर्करा, एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि शक्यतो पाच टक्क्यांच्या आत ठेवावी. २,००० कॅलरींच्या आहारात ही मर्यादा अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होते. फळांचा रससुद्धा, घरी काढलेला आणि वरून साखर न घातलेला असला तरी, या मुक्त शर्करेतच गणला जातो. अख्खे फळ गणले जात नाही, कारण त्यातील शर्करा पेशींच्या भिंतींत बंद असते आणि फळ चावून खायला वेळ लागतो.

पेयातील कॅलरींना दोन दोष आहेत. पहिला असा की पोट त्यांची फारशी दखल घेत नाही. तेवढ्याच कॅलरींचा घन पदार्थ खाल्ला तर माणूस पुढील जेवणात थोडे कमी खातो, पेय प्यायल्यावर बहुधा कमी खात नाही. दुसरा दोष फ्रुक्टोजशी संबंधित आहे. साखरेच्या रेणूत अर्धा भाग ग्लुकोज आणि अर्धा भाग फ्रुक्टोज असतो. ग्लुकोज शरीरातील जवळपास सर्व पेशी वापरतात, फ्रुक्टोजवरील प्रक्रियेचा भार मात्र मुख्यतः यकृतावर पडतो. थोड्या प्रमाणात आणि सावकाश आलेले फ्रुक्टोज बाधत नाही. पेयाच्या रूपाने मोठ्या प्रमाणात आणि एकदम आलेल्या फ्रुक्टोजचे यकृत काही अंशी चरबीत रूपांतर करते. मद्य न पिणाऱ्यांच्या यकृतातही चरबी का साचते, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग यात आहे.

मद्यातील अल्कोहोलच्या प्रत्येक ग्रॅममधून सात कॅलरी मिळतात, म्हणजे कर्बोदकांच्या चार आणि स्निग्ध पदार्थांच्या नऊ कॅलरींच्या मधोमध. पण अल्कोहोल साठवण्याची सोय शरीरात नाही आणि त्यापासून तयार होणारे अ‍ॅसिटाल्डिहाइड विषारी असते, त्यामुळे यकृत बाकीची कामे मागे ठेवून आधी अल्कोहोलचा निकाल लावते. तेवढ्या काळात चरबीचे ज्वलन मंदावते. मद्यासोबत तळलेले पदार्थ खाल्ले जात असतील, तर त्यांतील चरबी साठ्यात जाण्याला अशा वेळी अगदी मोकळी वाट मिळते.

साखरेऐवजी कृत्रिम गोडवा वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट नोंदवायला हवी. वजनावर नियंत्रण ठेवण्यासाठी अशा पदार्थांवर विसंबू नये, अशी सूचना जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये केली. ती मधुमेह असलेल्या व्यक्तींना लागू नाही.

केव्हा खावे

शरीरातील जवळपास प्रत्येक पेशीत सुमारे २४ तासांचे स्वतःचे घड्याळ चालते. या घड्याळाची रेणूंच्या पातळीवरील रचना उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मेंदूतील मुख्य घड्याळ प्रकाशावर जुळते, पण यकृतासारख्या अवयवांतील घड्याळांवर जेवणाच्या वेळांचाही प्रभाव पडतो. बहुतेक माणसांत सकाळी इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद चांगला असतो आणि रात्री तो घटतो. म्हणूनच तेच जेवण रात्री उशिरा घेतले तर साखर अधिक चढते आणि अधिक वेळ चढलेली राहते.

२०२२ मध्ये अमेरिकेत १६ जादा वजनाच्या व्यक्तींवर झालेल्या एका काटेकोर प्रयोगात तेच अन्न, त्याच प्रमाणात, एकदा वेळेवर आणि एकदा सुमारे चार तास उशिरा दिले गेले. उशिरा खाताना त्यांची भूक वाढली आणि जागेपणीचा ऊर्जाखर्च सुमारे पाच टक्क्यांनी घटला. प्रयोग लहान आणि थोड्या दिवसांचा होता हे खरे, परंतु परिणामाची दिशा इतर अभ्यासांशी जुळणारी आहे. रात्रपाळीत काम करणाऱ्यांना हा सल्ला पाळणे अवघड असते आणि त्यांच्यात दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे प्रमाण अधिक आढळते, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. सवय ही नेहमीच व्यक्तीच्या हातात असते असे नाही.

सकाळची न्याहारी चुकवल्याने चयापचय मंदावतो, हे मात्र प्रयोगांत टिकलेले नाही. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात सहा आठवडे चाललेल्या प्रयोगात न्याहारी न करणाऱ्यांचा विश्रांतीचा चयापचय दर कमी झाला नाही. बदल झाला तो एवढाच की दिवसाच्या पूर्वार्धात त्यांची हालचाल घटली. ठरावीक आठ तासांतच खाण्याच्या पद्धतीचीही अशीच परीक्षा झाली आहे. चीनमधील ग्वांगझू येथे १३९ लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर झालेल्या चाचणीत सर्वांना सारख्याच कमी कॅलरींचा आहार दिला आणि निम्म्या व्यक्तींना सकाळी आठ ते दुपारी चार यादरम्यानच खायला सांगितले. दोन्ही गटांचे वजन उतरले आणि त्यांच्यातील फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर नगण्य ठरला. वेळेचे बंधन ज्यांना कमी खाण्यास मदत करते त्यांनी ते जरूर पाळावे. त्यात स्वतंत्र जादू आहे असे मात्र दिसत नाही.

किती आणि किती भराभर

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील एक प्रयोग मला या विषयातील सर्वांत बोलका वाटतो. २० व्यक्तींना चार आठवडे संस्थेतच ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त, म्हणजे कारखान्यात बरीच प्रक्रिया करून तयार केलेल्या पदार्थांचा आणि दोन आठवडे कमी प्रक्रियेच्या पदार्थांचा आहार दिला गेला. दोन्ही आहारांत वाढलेल्या अन्नातील कॅलरी, साखर, मेद, तंतू आणि प्रथिने यांचे प्रमाण सारखे ठेवले होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रियायुक्त आहारावर असताना या व्यक्तींनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन जवळपास एक किलोने वाढले. दुसऱ्या आहारावर तेवढेच घटले. मऊ, चावायला सोपे आणि थोड्या घासांत पुष्कळ कॅलरी देणारे हे पदार्थ ते भराभर खात होते, हेही नोंदले गेले. जठर ताणले गेल्याचा संदेश आणि आतड्यातून स्रवणारी तृप्तीची संप्रेरके यांना परिणाम दाखवायला वेळ लागतो, आणि घाईने खाणारा माणूस तोपर्यंत जेवण संपवून मोकळा झालेला असतो. प्रथिनांचे पन्नास, कॅफीनचे पाच आणि थंड पाण्याचे सोळा कॅलरींचे हिशेब या पाचशेसमोर ठेवून पाहिले, म्हणजे कोणत्या सवयीकडे आधी वळावे हे कळते.

वेग खरोखर घटतो तेव्हा

सवयींनी वेग फारसा बदलत नाही या विधानाला एक मोठा अपवाद आहे, तो म्हणजे उपासमार. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले आणि मूलभूत चयापचय दर सुमारे ४० टक्क्यांनी खाली आला, म्हणजे वजनाच्या घटीच्या मानानेही अधिक. त्यांना सतत थंडी वाजे, हालचाल नकोशी होई आणि अन्नाखेरीज दुसरा विचार सुचत नसे. अशाच तऱ्हेचा परिणाम आजच्या काळातही दिसला आहे. दूरचित्रवाणीवरील वजन घटवण्याच्या स्पर्धेत झपाट्याने वजन उतरवलेल्या १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी केली, तेव्हा त्यांचा विश्रांतीचा दर त्यांच्या शरीराच्या मानाने अपेक्षित असलेल्या दरापेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमी भरला, आणि बहुतेकांचे बरेचसे वजन तोपर्यंत परत आले होते. सावकाश वजन घटवणाऱ्या सामान्य माणसात ही घट बहुधा एवढी तीव्र नसते. पुरेशी प्रथिने आणि स्नायूंवर ताण देणारा व्यायाम यांनी निदान स्नायूंची झीज रोखता येते.

वयाला दिला जाणारा दोष मात्र बराचसा अनाठायी आहे. २०२१ मध्ये २९ देशांतील ६,४०० हून अधिक व्यक्तींच्या मोजमापांवरून असे दिसले की शरीराचा आकार आणि घडण लक्षात घेता विशीपासून साठीपर्यंत ऊर्जाखर्च जवळपास स्थिर राहतो आणि त्यानंतर वर्षाला सुमारे ०.७ टक्क्यांनी घटू लागतो. चाळिशीत वाढणाऱ्या वजनाचे कारण म्हणूनच हालचाल, झोप आणि ताटातील बदलांत शोधावे लागते. याला खरा अपवाद थायरॉइड ग्रंथीच्या विकाराचा. या ग्रंथीचा स्राव कमी झाला तर मूलभूत दर खरोखर घटतो. थकवा, थंडी सहन न होणे, कोरडी त्वचा, बद्धकोष्ठता आणि खाणे न वाढताही वजन वाढणे अशी लक्षणे एकत्र दिसू लागली, तर आहार बदलत बसण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन रक्ताची तपासणी करून घ्यावी, कारण हा विकार गोळीने आटोक्यात येतो, सवयींनी येत नाही.